चारातलं एक

नाही मॅडम, आजारी-बिजारी काही नाहीये ती. फोनवर काय सांगितलं तिनं तुम्हाला, बुखार आहे? — नाही हो, आज महूला गेलीय मावशीकडे, आजीला घेऊन, मीच पाठवलं, म्हटलं घरात जरा हवा बदलेल — तुम्ही बसा ना, अशा पंख्याखाली या. एवढ्या उन्हात इंदूरच्या शाळेतून थेट इथं राऊपर्यंत आलात, एका मुलीसाठी, कोण येतं आजकाल? आमच्या वेळी मास्तरीणबाई घरी आल्या म्हणजे समजायचं, पोरीनं काहीतरी फोडलं. संबोधीनं काही फोडलं नाही. मतलब — जाऊ द्या. पाणी घ्या आधी.

तुम्हाला वाटत असेल तिचं मन नाही लागत. अहो, मन लागायचं म्हणजे किती! तुमचा तास झाला की घरी येऊन मला शिकवायची. मी पोळ्या लाटून राहिले आणि ही माझ्या कणकेचा गोळा उचलून त्याचे दोन करायची — 'बघ आई, ही एक पेशी, आता झाल्या दोन, आणि दोघींत सगळं एकदम सेम.' मी म्हणायची, ठेव तो गोळा, तुझे हात धुतलेले नाहीत. मग दुसऱ्या दिवशी ते दुसरं वालं, ज्याच्यात सेम नाही जात, अर्धंच जातं — आईकडचं अर्धं, बापाकडचं अर्धं, आणि कोणतं अर्धं ते कोणाच्या हातात नाही. बरोबर ना? मी बीए आहे मॅडम, हिंदी लिटरेचर, पण मला समजलं. पोरीनं शिकवलं म्हणून समजलं. भंवरकुआंच्या कोचिंगमध्ये सर येवढं धाडधाड बोलतात, तिथलं तिला काही आवडायचं नाही, म्हणायची ऋजुता मॅडम समजावतात तसं कोणी समजावत नाही.

मग तो सिकलसेलचा तास. हो, तोच. नाही, तुम्ही काही वाईट नाही केलं, आधी ऐका तर. पुस्तकातच आहे ते, मला माहीत आहे. तुम्ही फळ्यावर चार घरांचा चौकोन काढला — आई कॅरियर, बाप कॅरियर, दोघं दिसायला एकदम बरे, आणि पोरं होतील ती कशी, तर एक घर साफ, दोन घरं आई-बापासारखी, आणि एका घरात आजार. आणि हिनं हात वर केला. 'मॅम, माझ्या भैयाला आहे.' आजपर्यंत, मॅडम, तिनं एका मैत्रिणीला सांगितलं नव्हतं! ती खुशी आहे ना, हिच्याच बेंचवरची, तिला सुद्धा नाही. लोक विचित्र बघतात हो, विचारतात लागतो का हा आजार, मग विचारतात तुमच्याच लोकांत असतो का — तर हिनं बोलणंच सोडलेलं. आणि त्या दिवशी तुम्ही तिला फळ्यापाशी बोलावलं, म्हणालात काढ तुझ्या घराचं, पुरुषाला चौकोन, बाईला गोल, ज्याला आजार तो भरून काढ. तिनं भैयाचा चौकोन भरला आणि सगळ्या वर्गाला सांगितलं की तो पाण्याची बाटली घेऊन फिरतो, थंडीत त्याची हाडं कशी दुखतात, आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो तो, एक नंबर करतो. तुम्ही टाळ्या वाजवायला लावल्या. घरी आली ना, तर जमिनीवर पाय नव्हता तिचा. म्हणाली आता मी सगळं पुरं काढणार, पणजोबांपासून, मॅमनी सांगितलंय.

तर संध्याकाळी बसली सगळी मंडळी. पंचशील, तिचा भैया, लॅपटॉप घेऊन — तोच काढून देत होता हो, नीट रेघा, रंग-बिंग, त्याला तेच येतं ना. माझ्या सासूबाई, भीमाबाई, त्या सांगत होत्या, कोणाला किती पोरं, कोण लहानपणीच गेलं. माझे सासरे, दगडूजी, फौजेत होते महूला, त्यांचा एक भाऊ असाच हातपाय सुजून गेला, तेव्हा नाव कोणाला माहीत होतं? म्हणायचे वात. आणि दोघं भाऊ-बहीण हसत होते, 'आजी, हळू सांग, घरं पुरत नाहीत.' इतकं छान चाललं होतं मॅडम. मी आतून बघत होते आणि मनात म्हणत होते, बघ, आजारावर बसून हसताहेत माझी पोरं.

मग खाली आले आमच्यापर्यंत. पप्पांचा चौकोन, माझा गोल, पंचशील, संबोधी. आणि सासूबाई म्हणाल्या — मनात काही नव्हतं हो त्यांच्या, हिशेबाच्या पक्क्या आहेत, पोरं मोजत होत्या — म्हणाल्या, 'अन् मधलं राहिलं ना. ते मुंबईला तपासून पाडलं ते.'

...

नाही, घ्या ना पाणी. मी ठीक आहे.

पंचशील दोन वर्षांचा असताना समजलं आम्हाला. बोटं अशी सुजायची, डोळे पिवळे, रडायचा तर आवाज बसायचा. मग रिपोर्ट आला, मग आमचे दोघांचे रिपोर्ट. त्याच्यानंतर मला दिवस गेले. डॉक्टर म्हणाले, आता तपासता येतं, पोटात असतानाच. गेलो मुंबईला. पंचशीलला सासूबाईंपाशी ठेवलं, तेव्हा तो दवाखान्यातून नुकताच सुटला होता, हाताला पट्टी तशीच. रिपोर्ट आला — यालाही तेच. मी पंचशीलला काय काय सोसताना बघितलं होतं, तुम्हीच सांगा मॅडम, अजून एकाला? जाणूनबुजून? मला त्याचं काही वाटत नाही. मतलब वाटतं, पण चूक केली असं नाही वाटत, आजही नाही. मग संबोधीच्या वेळी पुन्हा गेलो. ती कॅरियर निघाली, आमच्यासारखी, बरी. सगळं कायदेशीर होतं, डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. पोरांना सांगायचं राहिलं. मोठी झाल्यावर सांगू म्हटलं. आणि मोठी कधी होतात पोरं? आपल्याला दिसतच नाही ना ते.

तर पंचशीलनं लॅपटॉपवरून हात काढला. एकदम शांतपणे विचारलं, 'त्याला काय होतं?' त्याला समजलंच ना, विचारलं तेव्हाच समजलं होतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'आई, माझ्या वेळी ही टेस्ट केली असती तर?'

आणि मी उठले. कुकर बघायला. कुकर लावलेलाच नव्हता मॅडम.

ओट्यापाशी उभी राहिले, मागून संबोधीचा आवाज, 'भैया, असं नसतं रे,' आणि हा म्हणतो, 'अरे, मी सहज विचारलं.' सहज! थोड्या वेळानं बाहेर आले तर तो तिला सांगत होता, जे जन्मलंच नाही त्याच्यासाठी छोटा त्रिकोण काढतात, मी नेटवर बघितलं. काढला त्यानं. स्वतः काढला, आणि भरला.

त्या दिवसापासून हा पोरगा बिलकुल चांगला वागतो. तेच तर सांगते! आधी दुखलं की ओरडायचा, माझ्यावर चिडायचा, गरम पाण्याची पिशवी आण, हे नको, ते आण, घर डोक्यावर घ्यायचा. आता काही नाही. विचारलं तर 'मस्त, एकदम मस्त'. परवा बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता, किती वेळ, मी दाराला कान लावला तर नळाच्या आवाजात कण्हून राहिला होता. बाहेर आला तर हसतोय. म्हणे, गाणं म्हणत होतो. जसा काही पाहुणा आहे घरात — आपल्यामुळे कोणाला त्रास नको. मी काय करू? दार वाजवून म्हणू, की ओरड रे बाबा, पहिल्यासारखा ओरड? आणि त्याचे पप्पा? बँकेतून येतात, त्याच्यासाठी डाळिंब सोलत बसतात. पूर्ण डाळिंब. आणि समोर ठेवून निघून जातात.

आणि ही, तुमची हुशार पोरगी. बायोचं पुस्तक उघडत नाही. म्हणते डॉक्टर नाही व्हायचं, बीकॉम करीन. का, तर म्हणते, 'मी तर पास होऊन आलेय ना आई, भैया नाही झाला.' मी म्हटलं असं नाही बेटा — तर म्हणते, मग कसं आहे ते सांग. सांगा ना मॅडम तुम्ही, कसं आहे? तुम्ही शिकवता. मी खरंच विचारते, टोमणा नाही मारत. अरे, रडू नका हो, तुमची काय चूक? तुम्ही धडा शिकवला. छान शिकवला. शिकवायलाच पाहिजे.

तुम्ही म्हणता तसं मी पंचशीलशी बोलायला पाहिजे, हो. पण काय बोलू? माझ्यापाशी दोनच उत्तरं आहेत. 'तुला ठेवलंच असतं' म्हटलं तर तो माझं तोंड बघेल आणि त्याला समजेल खोटं आहे. कारण — कारण तेव्हा मला कोणी सांगितलं असतं ना, असं-असं होणार आहे, तर मी गेले असते मॅडम. पंचशीलच्या वेळीसुद्धा. तेवीस वर्षांची होते मी, घाबरट, मी नक्की गेले असते. आणि आज त्याला कोणी हात तर लावून बघू दे! तो नसता तर मी — मला कल्पनाच करता येत नाही. दोन्ही खरं आहे. पण पोराला कसं सांगतात, दोन्ही खरं आहे म्हणून? हे मी त्याच्या पप्पांनासुद्धा बोलले नाहीये. तुम्हाला का बोलले, देव जाणे. तुम्ही कोणाला —

थांबा. गेट वाजलं.

आलास? — अरे, ह्या ऋजुता मॅडम, संबोधीच्या. — काही नाही रे, अभ्यासाचं. तिच्या प्रॅक्टिकलचं चाललं होतं. — हो, निघाल्याच आहेत. मॅडम, हा पंचशील.

सोडायला नको रे, जातील त्या, समोरून मॅजिक गाडी मिळते. — नको, तू आत्ताच आलायस, ऊन किती आहे, आणि तुझा पाय — नाही. काही नाही म्हटलं. पायाचं काही नाही. पाय एकदम ठीक आहे, दिसतंय ना मला.

बरं. सोड मग चौराह्यापर्यंत. हळू चालव.

बसा मॅडम त्याच्या मागे, बसा, नाही म्हणू नका, त्याला वाईट वाटेल. — मी मगाशी ते जे बोलले ना —

काही नाही. या तुम्ही.