दोन्ही हात वर

...आणि वर मलाच विचारतात, ‘तुम्ही त्या खोलीत बसता कशावरून?’ बावीस वर्षं, तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं मी तिथे बसून प्रुफं तपासतोय, ओळीखाली बोट धरून, श्वाससुद्धा बेताने घेऊन... आणि तोच गुन्हा झाला! कारण वीज वाचवायची म्हणून आमची जुनी इमारत सुधारली ना, खिडक्यांना दुहेरी काच, त्याही कायमच्या बंद, आणि छताला एक डोळा. दहा मिनिटं कुणी हललं नाही की डोळ्याच्या मते खोली रिकामी. दिवा बंद! इंजिनियर म्हणाला, ‘सोपं आहे काका, हात हलवत राहा!’ काका? माझ्याच वयाचा आहे तो!

मग काय, सगळं ऑफिस हात हलवतंय. टायपिस्टबाई हलवतायत, साहेब फोनवर बोलता बोलता हलवतायत... पण मी? बोट हललं की ओळ चुकते हो! तीन महिन्यांनी यंत्राचा अहवाल आला: खोली क्रमांक बारा, कायम रिकामी. लगेच ठराव, खोली बंद करा. तीनला मीटिंग. म्हटलं, माझी खोली घेतात म्हणजे काय? पुरावाच आणून आपटतो! मीटिंगच्या खुर्चीवर मोबाईल ठेवला, जागा धरायला, आणि गेलो दुरुस्त्यांचा गठ्ठा आणायला. उचलला... तर वरच्याच पानावर एक चूक राहिलेली! आता दिसलेली चूक सोडू? मी? बसलो, बोट टेकवलं...

अंधार. आणि दार... खट्! रिकाम्या खोलीला आपोआप कुलूप, थंड हवा वाया जाऊ नये म्हणून! रोज लागतं, रोज मी कार्डाने उघडतो. कार्ड कुठे? मोबाईलच्या कव्हरात. मोबाईल कुठे? जागा धरून बसलाय!

हात हलवला, दिवा लागला. समोर, इमारतीच्या आतल्या चौकापलीकडे मीटिंग, सगळी मंडळी काचेतून स्वच्छ दिसतायत. ओरडलो, ‘अहो, मी अडकलोय!’ दुहेरी काच, आवाज जातोय कसला? मग दोन्ही हात वर करून जिवाच्या आकांताने हलवले. टायपिस्टबाईंनी उलट हात हलवला! इंजिनियर तर कौतुकाने मान डोलावतोय... शिकले काका एकदाचे, हात हलवत राहा! तेवढ्यात साहेबांनी काहीतरी विचारलं, सगळ्यांचे हात वर गेले. माझे होतेच.

साडेपाचला झाडूवाल्या मावशींनी दार उघडलं. तडक साहेबांकडे. ‘साहेब, माझी खोली?’

‘बंद. ठराव एकमताने मंजूर.’

‘अहो, पण मी त्याच खोलीत उभा होतो, सगळ्यांनी पाहिलं ना?’

‘पाहिलं की! पण अहवालात नाही. आणि मन मोठं हो तुमचं, तुमचे तर दोन्ही हात वर होते!’

आता जिन्याखाली बसतो. घरी सांगितलं, तर ही म्हणते, ‘अहो, तोंड नव्हतं का तुम्हाला?’

होतं हो... पण काच दुहेरी होती.