प्रभादेवीच्या गॅलरीत

नाही नाही, टाळी नव्हती ती. हात झटकले मी. दाणे खात होतो ना, सालं चिकटली होती — म्हणून. तुमच्या माणसाने गुण आणला आणि मी हात झटकले, दोन्ही एकाच वेळी झालं, एवढंच. मी कशाला टाळ्या वाजवू प्रभादेवीसाठी? मी परळचा. हेरंब क्रीडा मंडळ, परळ — नसेल ऐकलं तुम्ही नाव, आताशा कोणी ऐकत नाही. पण सत्तर वर्षं झाली मंडळाला. माझ्या वडिलांनी आणि मिलमधल्या त्यांच्या खात्यातल्या लोकांनी काढलेलं. मी सेक्रेटरी, एकतीस वर्षं. गणपत नाव माझं, पण तात्या म्हणतात सगळे. आणि चुकून नाही बसलो हो इथे, ही गॅलरी तुमची आहे ठाऊक आहे मला. आमची ती समोरची. पिवळे टी-शर्ट घालून, हाताची घडी घालून बसलेत ना रांगेने, शाळेत शिक्षा झाल्यासारखे — ते आमचे.

मग इकडे का — सांगतो. तुम्ही कबड्डीवाले नाही वाटत, क्रिकेटवाले दिसता, तेव्हा नीट सांगतो. आमच्या गटात तीन संघ, त्यातले दोन पुढे जाणार. तुम्ही, आम्ही आणि हा वडाळ्याचा. परवा तुम्ही आम्हाला हरवलंत — एकोणीस गुणांनी, हसू नका — आणि काल आम्ही वडाळ्याला हरवलं, कसंबसं, दोन गुणांनी. आता आज तुमचा आणि वडाळ्याचा. वडाळा हरला की आम्ही पुढे. बरोबरी झाली तरी आम्ही पुढे. पण वडाळा जिंकला तर तिघांचा एकेक विजय, मग बघणार गुणांचा फरक, आणि ते एकोणीस उरावर घेऊन आम्ही कुठे जाणार? घरी. नुसतं घरी जायचं असतं तर मी आलोही नसतो. गेल्या वर्षी बाद फेरीत पोचलो नव्हतो आम्ही, आणि लागोपाठ दोन वर्षं नाही पोचलं की अ श्रेणीतून खाली, ब श्रेणीत. ब श्रेणीतल्या मंडळाकडे कोण ढुंकून बघतो हो? ही जी आठ-नऊ पोरं उरलीत तीही जातील. कुठे म्हणजे? तुमच्याकडेच! वडिलांनी काढलेलं मंडळ माझ्या हातात मरणार. म्हणून आलोय. तुम्ही जिंकावं म्हणून — बोलतानासुद्धा तोंड कडू होतं, देवाशप्पथ. इतकी वर्षं तुमचा क्लब हरला की मी घरी जिलेबी न्यायचो.

किती राहिली? सात मिनिटं. आणि तुम्ही चारने मागे. चारने! एवढा मोठा क्लब, स्वतःची मॅट, मालिशवाला वेगळा, डॉक्टर वेगळा — आणि वडाळ्याची ती काडीपैलवान पोरं तुम्हाला नाचवतायत. तुमचं काय जातंय म्हणा, तुम्ही हरलात तरी पुढे जाणार, आमचेच एकोणीस आहेत ना तुमच्याकडे. मरण आमचं. — अरे धर, धर त्याला! पाय धर! गेला. सोडला त्याने. अहो असं धरतात? आमच्याकडे दहा वर्षांचा पोरगा असा पाय सोडत नाही.

तो? तो सात नंबर. हो, हितेंद्र. बरा खेळतो. बरा म्हणजे — ठीक. आमच्याच गल्लीतला. चौदा वर्षं आमच्या मंडळात होता, मग तुमच्याकडे आला. मोठे क्लब असेच करतात, आम्ही पोरगं घडवायचं आणि फळ लागलं की तुम्ही फांदी — असो. चढाईला निघाला. आता बघा, बघा, डावीकडे जाईल — गेला — आणि एकदम आत कापला! दोघांना शिवून आला! बघितलंत? दोन गुण! नाही, उभा नाही राहिलो, पाय अवघडला होता. ते जे कापणं होतं ना, लोकांना वाटतं काय चपळाई. चपळाई नाही हो ती. तो खांब आहे, खांब! आमच्या चाळी पाडून टॉवर झाला तेव्हा मैदान गेलं. सोसायटीने पार्किंगच्या दुसऱ्या मजल्यावर एक कोपरा दिला, सकाळी सहा ते आठ, गाड्यांना धक्का लागता कामा नये. तिथे मॅट अंथरली की डाव्या कोपऱ्यात बरोब्बर खांब येतो सिमेंटचा. त्यामुळे आमचं प्रत्येक पोरगं डावीकडे गेलं की खांब चुकवतं. मोकळ्या मैदानात आलं तरी चुकवतं. मी घसा फोडून ओरडायचो, अरे इथे खांब नाहीये रे! नाही जात सवय. आणि हा चार वर्षं तुमच्या मोकळ्या मॅटवर खेळतोय, तरी अजून चुकवतोय आमचा खांब. शांताला सांगायला पाहिजे, तिला बरं वाटेल.

शांता म्हणजे माझी बायको. आता तिला का बरं वाटेल — कळलं ना तुम्हाला? कळलंच. तोंडावरून कळलं. हो. मुलगा आहे तो माझा. एकच.

नाही, बोलत नाही आम्ही. चार वर्षं. तो नाही बोलत असं नाही, मी बोलत नाही. तो गणपतीला आला होता दोनदा, मी मंडळात जाऊन बसलो. शांता तिच्या मालवणीत म्हणते, 'तुमचो झील मां तो? की वैरी?' झील म्हणजे मुलगा. तिला काय सांगणार. सेक्रेटरीचा मुलगाच क्लब सोडून गेला तर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने थांबवायचं मी? आणि सोडून जायचं तर पत्र लागतं, ना हरकत पत्र, आमच्या मंडळाचं. त्यावर सही सेक्रेटरीची. त्याला पत्र मिळायला जरा उशीर झाला. कमिटीची मीटिंग व्हायची होती. मग शिक्का सापडत नव्हता. कुठे होता म्हणून काय विचारता — माझ्या उशाखाली होता. मीच ठेवला होता. एक अख्खा हंगाम बसून राहिला तो, इकडून नाही, तिकडून नाही. आणि त्याच हंगामात नोकरीची निवड झाली खेळाडूंची. त्याच्या बरोबरीचे दोघं लागले, कायम झाले. त्यातला एक तर ह्याने शिकवलेला. हा आजही कुरिअरचे डबे वाहतो, अठ्ठावीस वर्षांचा घोडा. मला वाटलं होतं, थांबेल. कंटाळून थांबेल माझ्याकडे. शेवटी शांताने शिक्का काढून समोर आपटला तेव्हा सही केली. आणि सही केली त्याच दिवशी फळ्यावर लिहिलं, माझ्या हाताने — हितेंद्रसाठी जो टाळी वाजवील त्याने मंडळाची पायरी चढू नये.

म्हणून बसलेत ते तसे. हाताची घडी ती माझी आहे. त्यांनाही माहितीय आज कोण जिंकायला हवं, जीव वर-खाली होतोय बिचाऱ्यांचा, पण तात्यांनी लिहिलंय फळ्यावर. चार वर्षांत कोणी पुसलं नाही. मीही नाही. आणि तात्या कुठे? तात्या ह्या बाजूला, तुमच्या लोकांत लपून. तिकडे बसलो असतो तर त्यांच्यादेखत ओरडता आलं नसतं. इकडे ओरडलो तर तुम्ही मला तुमच्यातला समजता. कुठे बसायचं माणसाने?

दोन मिनिटं. तीनने मागे. अहो, ओरडा ना जरा, तुमचाच क्लब आहे!

लंगडतोय? हो, लंगडतोय. उजवा गुडघा. सूज आहे परवापासून. मला कसं माहीत — माहीत आहे. तुमच्या कोचने आज त्याला बसवणार असं ठरवलं होतं. उद्या बाद फेरी आहे ना, उद्या बँकेची माणसं येणार आहेत नोकरीसाठी खेळाडू बघायला, आणि ह्याचं वय बसतंय ते हे शेवटचं वर्ष. म्हणून आज राखून ठेवणार होते. मग खेळतोय का? काय माहीत. कोचने विचार बदलला असेल. बदलतात कधी कधी —

मी फोन केला. सकाळी. चार वर्षांनी पहिला फोन. एका रिंगमध्ये उचलला त्याने. 'तात्या, आई बरी आहे ना?' — हेच पहिलं. त्याला वाटलं बापाचा फोन आला म्हणजे घरात कोणीतरी गेलं. म्हटलं, ती बरी आहे, तू आज खेळतोयस का? तर म्हणाला गुडघा सुजलाय, उद्याचं हे असं असं आहे, सगळं सांगितलं त्याने, चार वर्षांचं साठलेलं असल्यासारखं भराभर. मी ऐकून घेतलं. आणि म्हटलं, वडाळा जिंकला तर आपलं मंडळ खाली जाईल. बस, एवढंच. खेळ असं नाही म्हटलं मी! एका शब्दाने नाही म्हटलं. गुडघा फार दुखतोय का, तेही नाही विचारलं. तोच म्हणाला, 'तुम्ही येणार का बघायला?' मी म्हटलं, बघू.

बाप असं करतो का हो? बोला की. नका बोलू.

एकने मागे! कोणी आणले ते दोन? तोच? मी बघितलंच नाही तुमच्याशी बोलण्याच्या नादात. शेवटची चढाई. तोच निघालाय. थांबा आता, बोलू नका. समोर सहा जण आहेत, म्हणजे बोनस मिळतो — ती मागची रेषा दिसते ना, एक पाय तिच्यापलीकडे टेकवायचा, त्या क्षणी दुसरा हवेत. एक गुण. पण मग सगळं अंग त्या एका पायावर. हा नेहमी उजवा टेकवतो. आणि गुडघा उजवाच. हितू, नको. दुसरं काहीतरी कर. हात मार, कोणालाही शिव, तो पाय नको रे — टेकवला! टेकवला त्याने! वळ आता, वळ, ये परत — आला. आला रेषेवर. बरोबरी. पंचांनी दिला गुण. वाचलो. अहो वाचलो आम्ही.

शिव्या कशाला देताय? हो, होता. वडाळ्याचा तो कोपऱ्यातला पोरगा हाताच्या अंतरावर होता, बघितलं मी. शिवला असता तर जिंकला असता तुमचा क्लब. आणि पकडला गेला असता तर? परळ बुडालं असतं. तुमच्यासाठी दोन हवे होते, त्याने एकच घेतला आणि मागे फिरला. आम्हाला लागत होता तेवढाच. ओरडा, तुमचा हक्क आहे, ओरडा त्याच्यावर. तुमचे लोक त्याला घरी जा म्हणतायत. कुठल्या घरी जाईल तो?

ते बघा, समोर आमचे नाचतायत. आता नाचतायत. त्याच्यासाठी नाही हं, आपण वाचलो म्हणून, कोणी त्याच्याकडे बघतसुद्धा नाही. आणि तो — तो तिकडेच बघतोय. उभा राहता येत नाहीये, कोणाच्या तरी खांद्याला धरून उभा आहे आणि एकेक रांग बघतोय परळची. वरची रांग, खालची रांग. मला शोधतोय. मी बघू म्हणालो होतो ना, तर त्याला वाटतंय आलो असेन, तिथेच असेन.

तुम्ही हाक मारा ना त्याला. मला नाही जमत हो, माझा आवाज बसलाय. तुमचा खेळाडू आहे, तुम्ही मारलीत तर वळेल. मारा. हितेंद्र म्हणा. हितू नका म्हणू. थांबा — नको. इकडे बघितलं त्याने तर काय करू मी? काय तोंड दाखवू? नका मारू. राहू दे.

वळला. चालला आत. जिना आहे का हो तिथे? पायऱ्या आहेत? कोणीतरी धरलंय ना त्याला?

जा तुम्ही आता. संपला सामना. जा म्हटलं ना.