क्रेटमधली जून भेंडी

(फोनवर. प्रणाली पनवेलजवळच्या भाजीच्या पॅकिंग केंद्रात. कोकिळाकाकी उरणकडच्या गावी, आपल्या घरात.)

प्रणाली : काकी, परत तेच! तुमच्या क्रेटमध्ये आज पण एक जून भेंडी निघाली.

कोकिळा : व्हय गं? लय मोठी?

प्रणाली : वीतभर! दुकानवाल्यांना बोटाएवढी लागते. पाव किलोच्या पाकिटात सगळी सारखी दिसली पाहिजे. किती वेळा सांगू?

कोकिळा : सांग ना. मी ऐकते हाय.

प्रणाली : हसू नका. साहेब मला ओरडतात. माल नापास झाला की शेतकऱ्याला फोन करायचा, असा नियम आहे. या महिन्यातला हा चौथा फोन. पाचव्याला यादीतून तुमचं नाव कट.

कोकिळा : जेवलीस का तू?

प्रणाली : काकी!

कोकिळा : बरं बाय, बोल.

प्रणाली : बाकीची भेंडी इतकी कोवळी, देठसुद्धा नीट कापलेले. असा माल कोणाचाच येत नाही. मग ही एकच कशी सुटते? आणि दर वेळी अगदी वरच?

कोकिळा : तिकडं पाऊस हाय का गं?

प्रणाली : काकी? मुद्दाम ठेवता?

कोकिळा : चार-चार दिस झाडावर राखते. लवकर जून पण व्हत न्हाय मेली.

प्रणाली : अहो, पण का?

कोकिळा : माल चांगला गेला तर कोन बोलतं माझ्याशी? गाडी येते, क्रेट उचलते, जाते. डायवर खाली पन उतरत न्हाय. घरवाला व्हता तवा भांडायला तरी मानूस व्हता. पोरगा गणराज पुण्याला. आयतवारी फोन करतो, “बरी हायस ना?” मी म्हणते, “बरी हाय.” झालं. तू निदान ओरडतेस तरी. चांगली दहा मिनिटं ओरडतेस.

प्रणाली : आणि नाव कटलं असतं तर?

कोकिळा : तेचंच भ्याव वाटतं. भेंडी काय, उरणच्या बाजारात पन खपेल. तुझा फोन कुठून येल? उद्यापासून न्हाय ठेवत, जा.

प्रणाली : नका ठेवू. मी असाच करीन ना फोन. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत.

कोकिळा : असाच?

प्रणाली : हो, असाच.

कोकिळा : आन बोलशील काय?

प्रणाली : सुचेल काहीतरी.

कोकिळा : न्हाय सुचत, बाय. गणराजला पन न्हाय सुचत.