शेवंती उधळली नाही

मी, गुंडू पिराजी माने, वय ५८ वर्षे, धंदा शेती व दूध, रा. कसबा बावडा, कोल्हापूर, समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की,

वरील पत्त्यावर मी पत्नी बाळाबाई हिच्यासह राहतो. आमच्याकडे चार म्हशी आहेत. त्यांपैकी शेवंती ही लांब शिंगांची, पंढरपुरी जातीची आहे. तिला दावे लागत नाही. मी मोटारसायकलवर पुढे असतो, ती मागून येते. गाडी थांबवून मूठ पिळून दोनदा रेस केली की ती जवळ येऊन सीटवर हनुवटी टेकते. हे मी तिला दोन वर्षे खपून शिकवले आहे. यंदा दिवाळीच्या पाडव्याला बावड्याच्या रस्त्यावर गाड्यांमागे म्हशी पळवल्या, त्यात तिचा पहिला नंबर आला. हे लिहायची गरज नाही असे अंमलदार साहेब म्हणाले, पण मी विनंती करून लिहून घेतले आहे.

दि. २७/१०/२०२५ रोजी सकाळी ७.१५ च्या सुमारास शाहूपुरीत गिऱ्हाइकाच्या दारात धार काढून देण्यासाठी मी शेवंतीला घेऊन चाललो होतो. वळणावर एक पांढरी मोटार आमच्या दोघांच्या मध्ये शिरली. ती तेथील भांड्यांचे व्यापारी वृषभ दादासो मगदूम हे चालवत होते. गिऱ्हाइकाच्या दारात मी थांबलो, तशी मोटारही मागे थांबली. मी मागे न बघता सवयीने दोनदा रेस केली. शेवंती मोटार व भिंत यांमधल्या चिंचोळ्या जागेतून चालत आली. तिचे शिंग लागून मोटारीचा डावा आरसा फुटला. ती बिचकली नाही. माझ्याजवळ येऊन नेहमीप्रमाणे हनुवटी टेकून उभी राहिली.

वृषभ यांनी ठाण्यात दिलेल्या तक्रारीत आरशाबरोबर डाव्या दाराचेही नुकसान सांगितले आहे. दाराचा पोचा आतून गंजलेला आहे. पाडव्याला शिंगांना लावलेला लाल रंग आरशाच्या कडेला लागला आहे, दाराला कुठेही नाही. त्यामुळे दाराचे नुकसान मला मान्य नाही.

ठाण्यात आल्यावर वृषभ मला बाजूला घेऊन म्हणाले, "मामा, म्हैस उधळली म्हणून सांगा की. विमा कंपनी सगळं देतीया. तुमच्या खिशाला तोशीस न्हाय."

मी म्हणालो, "उधळली कुठं, पावणं? चालत आलती. मी बोलावलंतं म्हणून आलती."

"जनावराला काय अब्रू असती व्हय?" असे ते म्हणाले. त्यावर माझा आवाज चढला, हे खरे आहे. पोलिसांच्या कागदावर उधळी म्हणून नाव लागले की पुढच्या पाडव्याला बावड्यातले लोक तिला रस्त्यावर उतरू देणार नाहीत. पोरंबाळं रस्त्याकडेला उभी असतात, त्यांचेही बरोबरच आहे. पण शेवंतीने आजवर कुणाला साधा धक्का दिलेला नाही. मला तिचा अभिमान आहे.

मग मी हवालदार कृष्णात पाटील यांना आवारात नेले. माझ्या गाडीमागून ठाण्यापर्यंत आलेली शेवंती फाटकाशी होती. मध्ये पोलिसांच्या मोटारसायकली लावलेल्या होत्या. मी गाडी घेऊन पलीकडे गेलो व दोनदा रेस केली. ती त्या सगळ्यांमधून मान वळवत आली, एकीलाही शिंग लागले नाही. हवालदार म्हणाले, "हिला आमच्या परेडला पाठवा."

आरसा माझ्या चुकीने फुटला. मध्ये मोटार आहे हे बघून रेस करायला हवी होती. आरशाची भरपाई मी स्वतः देईन. विम्याच्या कागदावरही हेच लिहावे.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. ठाण्याच्या नोंदवहीत विषयाच्या ओळीत मात्र "म्हैस बिथरल्याने आरसा फुटला" असे आले होते. त्यातले पहिले दोन शब्द माझ्यासमोर खोडून तिथे "गुंडू माने यांच्या निष्काळजीपणामुळे" असे लिहिले. आता सगळे मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे, म्हणून सही करतो.