साराच्या वडिलांचं गाव

आदरणीय अध्यक्ष मोहनराव, व्यासपीठावरच्या ज्येष्ठ पाहुण्या आणि आपल्या मंडळाच्या संस्थापक सदस्य सुप्रभाताई, आजच्या सत्कारमूर्ती लीलावती अंबर्डेकर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लीलाताई, आणि शनिवारची दुपार राखून हॅरोच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मला सात मिनिटं दिली आहेत. मोहनरावांनी प्रेमाने असंही सुचवलं आहे की ऑफिसच्या विषयात फार शिरू नये, कारण लोकांना वड्यांची घाई असते. वडे गरम राहतील याची मी व्यवस्था केली आहे. ऑफिसच्या विषयात मात्र मला शिरावं लागेल.

लीलाताईंबद्दल काय सांगायचं? इथे नव्याने आलेल्या किती कुटुंबांना त्यांनी जीपीकडे, म्हणजे इथल्या सरकारी डॉक्टरकडे, नाव नोंदवायला नेलं, याची यादी कुणाकडेच नाही. माझ्या तनूच्या शाळेच्या प्रवेशासाठी त्या कौन्सिलशी तीन पत्रं भांडल्या, आणि चौथं लिहायच्या आधी प्रवेश मिळाला. एका अमेरिकन विमा कंपनीच्या लंडन ऑफिसात बावीस वर्षं त्या कर्मचारी विभाग सांभाळत होत्या. त्यातली शेवटची चार वर्षं मी त्यांच्या हाताखाली होते. आता त्या लेकीजवळ, नातवाजवळ, ग्लासगोला निघाल्या आहेत. हे सगळं आनंदाचं आहे.

पण एक प्रश्न आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात आहे, आणि दोघातिघांनी तो मला चहाच्या टेबलापाशी विचारलाही. बावीस वर्षं काम केलेल्या बाईला ऑफिसने निरोप का दिला नाही? साधं सह्यांचं कार्डसुद्धा का फिरलं नाही? एका ताईंनी तर हळूच मला सांगितलं, "लीलावतींनी म्हणे एका मुलीचं फार नुकसान केलं." मी त्यांना उत्तर दिलं नाही. ते उत्तर आता देते.

आमच्या कंपनीची अमेरिकेत एक योजना आहे. हिस्पॅनिक, म्हणजे ढोबळमानाने स्पॅनिश बोलणाऱ्या मुळाच्या, कर्मचाऱ्यांमधून दरवर्षी काहीजण निवडतात, वर्षभर तिकडे नेऊन शिकवतात आणि परत आल्यावर मॅनेजरची जागा देतात. अट एकच, नोकरीची पहिली पाच वर्षं संपायच्या आत निवड व्हायला हवी. यंदा पहिल्यांदाच लंडनला दोन जागा मिळाल्या. आता हिस्पॅनिक म्हणजे कोण? अमेरिकेत हे सरकारी फॉर्मवर छापलेलं असतं, लोक खूण करतात आणि पुढे जातात. इथल्या फॉर्मवर तो चौकोनच नाही. व्हाइट आहे, एशियन आहे, ब्लॅक आहे, मिक्स्ड आहे, आणि शेवटी 'इतर' आहे. हेड ऑफिसने कळवलं, तुमची व्याख्या तुम्ही करा आणि नावं पाठवा. ते काम माझ्याकडे आलं.

तुम्हाला हसू येईल, पण मी महिनाभर या प्रश्नाने हैराण होते. माद्रिदहून आलेला, बँकरचा मुलगा, तो हिस्पॅनिक का? भाषा स्पॅनिश, देश स्पेन, मग नाही कसं म्हणणार? पण योजना काय त्याच्यासाठी होती? ब्राझीलची मुलगी शेजारच्या टेबलावर बसते, तिची भाषा पोर्तुगीज. तिला वगळायचं? आमच्या अकाउंट्समधल्या फिलिपिनो बाईंचं आडनाव स्पॅनिश, देवघरातले संत स्पॅनिश, भाषा मात्र नाही. त्यांनीच मला विचारलं, "मी थोडीशी चालेन का?" या माणसांना रांगेत उभं करून चाळणी लावायचा मला काय अधिकार होता, हे मी तेव्हा वहीत लिहिलं आहे. लिहिलं, आणि दुसऱ्या दिवशी चाळणी लावली.

लीलाताईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "आधी मराठी कोण ते तू मला सांग, मग मी तुला हिस्पॅनिक कोण ते सांगते." मला वाटलं, हे तर सोपं आहे. तीन वर्षं आपल्या मंडळाचे सभासदत्वाचे फॉर्म मीच तयार करते आहे. त्यात काय विचारतो आपण? नाव, घरात बोलायची भाषा, आणि वडिलांचं मूळ गाव. कुणी सातारा लिहितं, कुणी वेंगुर्ला लिहितं. ज्याने ते गाव जन्मात पाहिलेलं नाही तोही न अडखळता लिहितो, कारण लहानपणापासून हाच प्रश्न आपल्याला विचारला गेला आहे. गाव वडिलांचं असतं. आईचं ते आजोळ, आपण तिथे सुट्टीला जातो. हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आणि म्हणूनच ते तपासून बघावं असं मला कधी वाटलंच नाही.

तोच नमुना मी समोर ठेवला. कंपनीच्या नियमात लिहिलं, स्पॅनिश भाषक लॅटिन अमेरिकी देशांतलं मूळ, आणि मूळ वडिलांकडून धरावं. त्या दिवशीची माझ्या वहीतली नोंद आहे: 'नियम झाला. दोन तास लागले. बरा जमला.'

लीलाताई त्या आठवड्यात ग्लासगोला होत्या. वीरचा, त्यांच्या नातवाचा, जन्म झाला होता. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमधून त्यांनी मला फोन केला, नीट पाहिलंस ना, एवढंच विचारलं आणि फोनवरच सही करून कागद पाठवला. त्यांनी तो वाचला नव्हता. माझ्यावर विश्वास ठेवला होता.

दोन जागांसाठी माझ्या यादीत दोनच नावं उरली. त्यातल्या एका तरुणाचे आजोबा, वडिलांचे वडील, चिलीहून आले होते. तो बिचारा स्वतः येऊन म्हणाला, मला स्पॅनिशमध्ये पाणीसुद्धा मागता येत नाही, काही घोटाळा तर नाही ना? मी म्हटलं, नियमात बसतंय.

मग सारा आली. सारा क्लेम्स विभागात आहे, तिचं हे पाचवं वर्ष. तिची आई पेरूची, इथे येऊन ऑफिसं साफ करून तिने मुलीला वाढवलं. नऊ वर्षांची असल्यापासून आईचे कौन्सिलचे सगळे फॉर्म साराच भरत आली आहे. घरात दोघी स्पॅनिशच बोलतात. वडील इंग्लंडमधल्याच केंटचे. तिने अर्ज माझ्यासमोर ठेवला, वडिलांच्या मूळ गावाच्या कॉलमवर बोट टेकवलं आणि आवाज न चढवता म्हणाली, "मी तीन वर्षांची असताना हा माणूस निघून गेला. त्याचं गाव तुम्ही मला कशासाठी विचारता?"

तिने रीतसर तक्रार केली.

लीलाताईंनी त्या दिवशी पहिल्यांदा तो कागद पूर्ण वाचला. मला केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, ओरडतील. त्या म्हणाल्या, "मग मंडळाच्या फॉर्मवर आमच्या वीरच्या स्कॉटिश वडिलांचं गाव पेझली लिहू का गं? तुझ्या नियमाने माझा नातू मराठी ठरत नाही आणि ती पोर हिस्पॅनिक ठरत नाही. आयांना तू अगदी हिशेबातूनच काढलंस." मग विचारलं, तुझ्या व्हिसाला किती दिवस राहिले?

इथल्या अनेकांना हे समजावून सांगायला नको. माझा व्हिसा याच कंपनीच्या नावावर आहे. कायमच्या वास्तव्याला अजून दोन वर्षं आहेत. यतीन, माझे यजमान, मार्चपासून नोकरी शोधताहेत. तनू दहावीसारख्या परीक्षेच्या वर्षात आहे. हे मी त्यांना सांगितलं. सांगायला नको होतं का? माहीत नाही. ती मदतीची याचनाच होती, हे मला सांगतानाही कळत होतं.

त्या म्हणाल्या, "मला निवृत्तीपर्यंत सोळा दिवस काढायचेत, तुला दोन वर्षं. तू गप्प बस."

चौकशीत त्यांनी लिहून दिलं, 'नियम मी केला आणि विचारपूर्वक केला.' मी शेजारच्या खुर्चीवर होते. मी गप्प बसले. ऑफिसमध्ये बातमी पसरली, लोक त्यांना लिफ्टमध्ये टाळू लागले. सोळाव्या दिवशी त्या स्वतःची कुंडी स्वतः उचलून खाली उतरल्या.

इथेच हे संपलं असतं तर कदाचित मी आज फक्त त्यांचे गुण गायले असते. पण त्यांच्या या मोठेपणाची एक बाजू आम्हा दोघींच्याही लक्षात आली नाही. हेड ऑफिसचा शिरस्ता असा, की यादी करताना कर्मचाऱ्याची चूक झाली असेल तर ती यादी त्याच वर्षी दुरुस्त होते. पण वरिष्ठांनी विचारपूर्वक घेतलेला निर्णय असेल तर तो पुढच्या वर्षीसाठीच बदलतो. लीलाताईंनी 'विचारपूर्वक' हा शब्द लिहिला आणि साराचं दार बंद झालं. पुढच्या वर्षी तिची पाच वर्षं संपलेली असतील. तिच्या अपिलाचा निर्णय येत्या मंगळवारी आहे.

हे मला कळून पाच आठवडे झाले. पाच आठवडे मी रोज वहीत लिहिलं की उद्या सांगेन. सभ्य भाषेत, शुद्धलेखनासकट लिहिलं. त्याने सारासाठी काय झालं? काही नाही.

काल, शुक्रवारी, पावणेपाच वाजता मी हेड ऑफिसला पत्र पाठवलं. नियम मी लिहिला, सवयीने लिहिला, कुठलाही विचार करून लिहिला नाही, आणि सही करणाऱ्या अधिकाऱ्यांनी तो वाचला नव्हता. साराला प्रत पाठवली. यतीनने पत्र वाचून एवढंच सांगितलं, "पाठव, पण आधी लीलाताईंशी बोल." मी पाठवलं, आणि त्यांच्याशी बोलले नाही. परवा, गुरुवारी संध्याकाळी, दोनदा त्यांच्या घराच्या दारापर्यंत गेले होते. मला भीती होती की त्या मला थांबवतील, आणि मला थांबायचंच होतं.

म्हणून त्यांना हे या क्षणी, तुमच्याबरोबरच कळतं आहे. त्यांच्या सत्काराच्या दिवशी, माइकवर, त्यांना न विचारता हे सांगणं योग्य आहे का? मला खात्री नाही. यात त्यांची बाजू राखायची इच्छा किती आणि माझं स्वतःचं ओझं उतरवायची घाई किती, हेही मला वेगळं काढता येत नाही. पण या हॉलमध्ये त्यांच्याबद्दल जी कुजबुज चालली आहे ती ऐकत मी वडे वाढू शकत नव्हते.

मोहनरावांनी दिलेली सात मिनिटं कधीच उलटली आहेत, तरी त्यांनी घंटी वाजवली नाही, याबद्दल त्यांचे आभार. सुप्रभाताईंचे, स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या मैत्रिणींचे आणि तुम्हा सर्वांचे आभार. बोलताना कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाचा मान कमीजास्त झाला असेल, तर तो दोष माझ्या धांदलीचा समजून पोटात घाला. बाकीच्या दोषाची माफी मी या सभेकडे मागत नाही. ती द्यायची की नाही हे सारा ठरवेल.

लीलाताई, आता आपण सत्काराला उत्तर द्यायला उभ्या राहाल. मी आपल्याला चार वर्षं ओळखते, म्हणून मला माहीत आहे की आपण पहिलं वाक्य कोणतं बोलाल. 'ही पोरगी उगाच सगळं स्वतःवर घेते आहे,' असं आपण हसत म्हणाल आणि सगळ्यांना तेच खरं वाटेल. मंगळवारी हेड ऑफिसमधून आपल्यालाही फोन येईल, आणि तिथेही आपण तेच म्हणाल. माझी हात जोडून विनंती आहे, म्हणू नका.

नमस्कार.