सांबऱ्याच्या जनरेटरचा जोड

मी शहापूरची. बाप मागावर लुगडी विणायचा, आई कांड्या भरायची, त्यामुळं तांब्याची तार हातात आली तवा ती मला सुतावानीच वाटली. लग्न करून पिरनवाडीत आले. मालकांचं मोटार भरायचं दुकान, म्हंजे जळालेली तारंची गुंडाळी, वायंडिंग म्हणत्यात तिला, ती काढायची अन् नवी भरायची. मालकांनी शिकवलं, मी शिकले, घरात बसून मीच भरायची, पर गिऱ्हाइकाला वाटायचं समदं मालकच करत्यात. मालक गेले अन् माजा दीर गल्ल्यावर येऊन बसला. काय सांगू तुमाला त्येचं. खिशात टेस्टर लावायचा, पेनावानी. गिऱ्हाईक आलं की मोटारीला कान लावायचा, डोळं मिटायचा अन् म्हणायचा, कॉइल गेलीया. अवो, जळका वास दारापत्तुर येत हुता, त्येला कान कशाला पायजे.

तर सांबऱ्याला एक आण्णा हाय, मशीनमधी अंडी उबवून कोंबडीची पिल्लं काढतो अन् इकतो. गळ्यात साखळी, बोलणं मोठं, अन् जनरेटर घेतला भंगारातला, कुठल्या तरी बोटीवरचा. का, तर लोकांनी म्हणावं फॉरेनचा हाय. त्यो एकशे दहा व्होल्टचा, आपल्याकडं लागतंय दोनशे तीस, पर आण्णाला कोण सांगणार. एक दिवस गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला, लाईट गेली, ह्येनं ऐटीत जनरेटर लावला, तर बल्ब लालसर मिणमिणतोय अन् मशीन काय सुरू हुईना. आत अंडी, पिल्लं भाईर यायला टेकलेली.

आण्णानं दुकानात फोन केला, दीर निघाला. मी म्हटलं, भावजी, आत दोन वायंडिंग असतील, आत्ता शेजारी-शेजारी जोडल्यात, त्या एकामागं एक जोडा, म्हंजे दोघींचा व्होल्टेज मिळून येतोय, करंट निम्मा हुतोय तेवढं ध्यानात ठेवा. तर म्हणतो, मला शिकवू नगा. गेला अन् एक वायंडिंग जोडली उलटी. आता एक जण भाईरनं दार ढकलतोय, दुसरा आतनं तेवढ्याच जोरानं ढकलतोय, दार हलंल व्हय? मीटरचा काटा जाग्यावरच. तर हा शाणा म्हणतो, जनरेटर मेलाय, अंडी फेकून द्या.

आण्णाच्या बायकोनं मला फोन केला. आक्का, पिल्लं आतनं टोचाय लागल्यात हो, कानाला ऐकू येतंय, बेगा या. गेले. एका वायंडिंगची टोकं अदलाबदल केली, चालू केला, काटा सरसर वर गेला अन् मशीन फिराय लागली. ती बाई मशीनच्या काचंला हात लावून तशीच हुबी ऱ्हायली. पिल्लं निघाली. आण्णानं शाल आणली अन् घातली कुणाच्या अंगावर, तर दिराच्या. अन् ह्येनं घेतली. वर म्हणतो, वैनीनं बी जरा हात लावला.

पुढं त्याच जनरेटरचा व्होल्टेज पडाय लागला, आत फिरत्या भागाला घासणारं कार्बनचं तुकडं झिजलं असणार. आण्णाचा फोन आला तसा दीर म्हणाला, वैनी, चला. मी म्हटलं, मी न्हाय येत, शाल तुमच्याकडं हाय, तुमी जावा. त्यो हसला. मग हसायचा बंद झाला. फोनमधी आण्णा वरडतोय. मी म्हटलं, त्येला सांगा, आत्ता, माज्याम्होरं, की तुमाला ह्यातलं काय येत न्हाय. खाली बघून म्हणाला, आण्णा, मला येत न्हाय, समदं वैनीच करती. मी हत्यारांची पिशवी उचलली अन् गेले. कार्बन बदलून आले.

आता फोन मलाच येतोय. आण्णा हाय तसाच हाय, आनखी काय तरी फॉरेनचं भंगार हुडकत असंल. दीर गल्ल्यावर बसतोय, पावत्या फाडतोय, तेवढं त्येला जमतंय. जेवायला माज्याकडंच असतोय, मी गरम भाकरी वाढते, मालकांचा भाऊ हाय, टाकून कुठं देणार. त्येला टोचून बोलायची बी आता मला हौस ऱ्हायली न्हाय. देवानं त्येला उदंड आयुष्य द्यावं, अन् तारंपासनं लांब ठेवावं.