तांब्याच्या बगळ्याची पहिली रेकॉर्ड

...आणि वर मलाच विचारतात, "त्यात एवढं अवघड काय होतं रे ग्रेनव्हिल?" अवघड काय होतं? तुम्हाला सांगतो, सत्तावीस वर्षं मी या लेस्टर गावात लोकांचे घर तापवायचे बॉयलर दुरुस्त करतोय, ऐन जानेवारीत, घरात बर्फासारखी हवा, म्हाताऱ्या बायका अंगावर दोन-दोन कोट चढवून माझ्या डोक्याशी उभ्या, "झालं का, झालं का" चाललेलं, पण माझ्या हातून एक स्क्रू कधी सुटला नाही, आणि इथे एका रेकॉर्डपायी तीन आठवडे मला धड जेवण गेलं नाही.

म्हणजे झालं काय, माझी मुलगी इमोजेन, वय सोळा, मार्चपासून तिच्या आईकडे राहते. ब्रिजेट आणि मी वेगळे झालो. भांडण नाही, तंटा नाही, नुसतं... संपलं, घरातलं दूध संपतं तसं. इमोजेन माझ्या वाट्याला शनिवारी, अकरा ते चार. आणि या आठ महिन्यांत ती माझ्याशी जे काही बोलली ते सगळंच्या सगळं तुम्हाला आत्ता म्हणून दाखवतो. "ठीक." "चालेल." "माहीत नाही." झालं, संपलं. कॅफेत समोरासमोर बसायचं, अंडी आणि चिप्स मागवायचे, तिच्या कानात ते गाणी ऐकायचे बोळे, आणि मी आपला पावसावर बोलतोय, रस्त्यातल्या खड्ड्यांवर बोलतोय, एकदा तर तुम्हाला सांगतो, मी वीस मिनिटं व्हिनेगरवर बोललो.

आणि नोव्हेंबरातल्या एका शनिवारी, गाडीतून उतरता उतरता, एक पाय फुटपाथवर, ती म्हणते, "डॅड, ते तुझे कॉपर हेरनवाले आहेत ना... मला वाढदिवसाला रेकॉर्ड प्लेयर मिळालाय. त्यांची सुरुवातीला कुठली ऐकू? एकच सांग."

एकच सांग.

आता कॉपर हेरन म्हणजे तांब्याचा बगळा. बगळा तांब्याचा का, ते मला विचारू नका, बावन्न वर्षं झाली, खुद्द त्यांनाही सांगता आलेलं नाही. आमच्या इकडचाच पाच जणांचा बँड. प्रोग्रेसिव्ह रॉक. म्हणजे काय, की बाकीचे लोक तीन मिनिटांत "माझं तुझ्यावर प्रेम आहे" म्हणून मोकळे होतात, हे रेकॉर्डची अख्खी बाजू घेतात आणि तरी प्रेम कुणावर ते कळत नाही. मध्ये पवनचक्की येते, बुडालेलं गाव येतं, एक बिशप येतो. अशा चौदा रेकॉर्डी. चौदाच्या चौदा माझ्याकडे आहेत, काही दोन-दोन. आमचा संसार मोडला तो त्यामुळे नव्हे, असं ब्रिजेट म्हणते... पण म्हणताना जरा थांबते.

मग तुम्हीच सांगा, घाम फुटेल की नाही? आठ महिन्यांत पोरीने पहिल्यांदा काही विचारलं. चुकीची दिली, तिला नाही आवडली, की बोळे परत कानात, आणि पुढचं "ठीक" मला थेट तिच्या लग्नात ऐकायला मिळणार.

गुरुवारी पबमध्ये गेलो आणि घोडचूक केली, मित्रांना विचारलं. एक ऑर्मरॉड, शाळेत भूगोल शिकवायचा, निवृत्त झाला पण शिकवणं सुटलं नाही. ग्लास खाली ठेवला, चष्मा वर केला. "पहिलीपासून, ग्रेनव्हिल. क्रमाने. नदी कशी, उगमापासून बघायची असते."

दुसरा स्टॅन, तो शववाहिका चालवतो, त्यामुळे सगळं सावकाश बोलतो. "पहिलीत ते अजून... वाद्यंच लावतायत. तिसरी दे. पोरगी ढसाढसा... रडेल."

म्हटलं, "अरे, मला रडवायचं नाहीये तिला."

"मग तिसरी... नको."

"पाचवी दे," ऑर्मरॉड म्हणतो, "पाचवीत सगळं आहे." अरे, सगळं आहे कारण पाचवीच्या कव्हरात दोन रेकॉर्डी आहेत, आणि पोरगी एकच सांग म्हणाली होती, एकच. सातवी? सातवीत ड्रमवाला सोळा मिनिटं एकटाच बडवतो, बाकीचे चौघे बहुधा जेवायला गेलेले. मी नुसतं "अकरावी" म्हटलं, तर ऑर्मरॉड आजूबाजूला बघून म्हणतो, "हळू बोल, इथे लोक जेवतायत." मग अकरावी वाईट की बारावी जास्त वाईट, यावरून दोघांची जी जुंपली, स्टॅन म्हणाला, "तुझ्यासारख्यांमुळे... बगळ्याचं वाटोळं झालं," ऑर्मरॉडने कोट घेतला आणि निघून गेला. अजून बोलत नाहीत एकमेकांशी. घर माझं मोडलेलं, पोरगी माझी, आणि अबोला यांचा.

पुढच्या शनिवारी इमोजेन विचारते, "मिळाली का?" मी म्हटलं, "बघतोय." त्याच्या पुढच्या शनिवारी म्हटलं, "तसं दोन-तीनवर आलंय, म्हणजे तू कुठल्या बाजूने बघतेस त्यावर..." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "राहू दे मग." आणि बोळे घातले. राहू दे. तुम्हाला सांगतो, "ठीक" परवडलं.

सोमवारी पॉलीनच्या दुकानात एक बॉयलर दुरुस्तीला होता. पॉलीन जुन्या रेकॉर्डी विकते. बॉयलरमध्ये डोकं घालून मी तिला ही सगळी कर्मकहाणी ऐकवली, उगम, रडणं, ड्रमवाला, सगळं. ती म्हणाली, "तुझी आवडती कुठली?"

"ते महत्त्वाचं नाही गं. नवख्या माणसाच्या दृष्टीने..."

"ग्रेनव्हिल, तिला बगळ्याची माहिती हवी असती तर तिने फोनवर बघितली असती. सोळा वर्षांची आहे ती. तिने तुला विचारलं."

मी बॉयलरमधून डोकं बाहेर काढलं आणि पाना खाली ठेवला. गार लादीवर.

माझी आवडती सहावी. आणि सहावी ही पहिल्यांदा कुणालाही द्यायची नसते, यावर ऑर्मरॉड आणि स्टॅनसुद्धा एक होतील. तीच काढली. नवी नाही, माझीच, सोळाव्या वर्षी घेतलेली, कव्हरच्या कोपऱ्यात निळ्या शाईने "ग्रेनव्हिल टॅनर, हात लावू नये." शनिवारी तिच्या हातात दिली. तिने ते वाचलं, रेकॉर्ड पिशवीत घातली, आणि तो आठवडा मी कसा काढला ते मला माहीत.

पुढचा शनिवार. गाडीत बसली. कानात बोळे नाहीत.

"डॅड. ती रेकॉर्ड."

"हं?"

"भयंकर आहे."

आणि तुम्हाला सांगतो, ती बोलायला लागली. दारापासून कॅफेपर्यंत, कॅफेत अंडी येईपर्यंत, अंडी गार होईपर्यंत. "सात मिनिटं नुसता ऑर्गन. सात. मी घड्याळ लावलं होतं. मग तो माणूस कुजबुजतो, कुणाशी?"

"बिशपशी."

"का?"

"ते चौथ्या रेकॉर्डमध्ये आहे, तिथे तो बिशप..."

"डॅड, नको. आणि पवनचक्कीवाली ओळ अकरा वेळा आहे. अकरा. तेव्हाच्या लोकांना कामं नव्हती का?" मी ऐकतोय, चिप्स चावतोय, चव कळत नाही. सेहेचाळीस मिनिटं बोलली. रेकॉर्ड आहे एक्केचाळीस मिनिटांची. शेवटी काटा खाली ठेवला आणि म्हणाली, "तुझ्यासारखीच आहे ती. काहीतरी म्हणायचं असतं आणि आधी सात मिनिटं ऑर्गन. मागे तू व्हिनेगरवर बोलत होतास, आठवतं? मी ऐकत होते. मी गाणी बंद करून बसले होते."

मी म्हटलं, "घरी तू नसतेस, मला करमत नाही."

तिने माझ्याकडे बघितलं. "हं," म्हणाली. "बघ, जमतं की." आणि माझ्या ताटातले चिप्स उचलले.

चार वाजता सोडायला गेलो तर म्हणे वर चल, कुठे कुठे चुकलंय ते वाजवून दाखवते. मार्चपासून त्या घराचा उंबरा मी ओलांडला नव्हता. ब्रिजेटने दार उघडलं, माझ्या बुटांकडे बघितलं, म्हणाली, "ते काढ. चहा ठेवते." इमोजेनच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून बसलो, गुडघे कुरकुरतायत, पोरीने सुई ठेवली, ऑर्गन सुरू झाला, आणि ती शेजारून, "ऐक... अजून चालूच... अजून..."

मी मान हलवत होतो. आणि छातीवरून काय उतरलं म्हणता, अख्खा बॉयलर उतरला. पण खोटं कशाला बोलू? एक्केचाळीस वर्षं मी तो ऑर्गन डोळे मिटून ऐकत आलोय, त्यापायी माणसांशी भांडलोय, आणि त्या दिवशी पोरीच्या शेजारी बसून पहिल्यांदा नीट ऐकला...

लांब आहे हो. फारच लांब आहे.